माऊस हलला की प्रोसेसर का धावतो?

गेल्या पावसाळ्यात एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत आमचे जाणे झाले. शाळेकडे दहा संगणक होते. एका कार्यालयाने वापरून बाजूला काढलेले आणि मग देणगी म्हणून शाळेला मिळालेले. त्यांवर लिनक्स ही विनामूल्य मिळणारी प्रणाली बसवलेली होती. संगणक चालत होते, पण रखडत. मुख्याध्यापकांनी निर्लेखनाचा प्रस्ताव तयार करायला घेतला होता. निर्लेखन म्हणजे काय ते शिक्षकांना सांगायला नको. जुनी वस्तू कागदावरून आणि खोलीतून एकदमच जाते, तिच्या जागी नवी कधी येईल ते मात्र कोणी सांगू शकत नाही.

संगणकाच्या खोलीत नववीतली एक मुलगी प्रोसेसरचा वापर दाखवणारा आलेख उघडून बसली होती. तिने आम्हाला विचारले, "सर, मी दुसरं काहीच उघडलेलं नाही. नुसता माऊस गोल फिरवतेय. तरी ही रेघ साठावर जाते. हात थांबवला की खाली येते. माऊस फिरवण्यात एवढं काय काम असतं?"

आम्ही नेहमीचे उत्तर दिले, "जुना आहे ना संगणक." रात्री एस.टी.ने परतताना मात्र हे उत्तर आम्हालाच टोचू लागले. हिशेब करून पाहू या. त्या संगणकाचा प्रोसेसर एकच कोअर असलेला, दोन गिगाहर्ट्झचा होता. म्हणजे त्याच्या घड्याळाचे सेकंदाला दोन अब्ज ठोके पडतात. साधा यूएसबी माऊस हलत असताना सेकंदाला फार तर १२५ निरोप पाठवतो. म्हणजे एका निरोपामागे प्रोसेसरच्या हाताशी एक कोटी साठ लाख ठोके असतात. निरोपात मजकूर किती? 'तीन घरे उजवीकडे, एक घर खाली' एवढाच. साठ टक्के वापर याचा अर्थ या एवढ्याशा मजकुरासाठी सुमारे ९६ लाख ठोके खर्ची पडले. संगणक जुना असेल, पण बाण तीन ठिपके सरकवायला ९६ लाख ठोके लागावेत इतका काही तो जुना नव्हता. मुलीचा प्रश्न खरा होता आणि उत्तरासाठी बरेच मागे जावे लागणार होते.

संगणकाला बाहेरच्या जगाची खबर दोन प्रकारे मिळू शकते. शाळेतलेच उदाहरण घेऊ. मुख्याध्यापक दर मिनिटाला उठून फाटकापर्यंत जातात आणि कोणी आले आहे का ते पाहतात, हा एक प्रकार. याला पोलिंग म्हणतात. दुसरा प्रकार असा की मुख्याध्यापक आपले काम करत बसतात. कोणी आले की शिपाई घंटी वाजवतो, ते हातातल्या कागदावर खूण करून उठतात, पाहुण्याचे काम उरकतात आणि परत येऊन खुणेपासून पुढे वाचू लागतात. याला इंटरप्ट, म्हणजे व्यत्यय, असे नाव आहे. नाव नकारार्थी असले तरी संगणकाच्या इतिहासातील अत्यंत उपकारक कल्पनांपैकी ही एक आहे. बाहेरच्या यंत्राने घंटी वाजवावी आणि संगणकाने हातचे काम थांबवून तिकडे वळावे, ही सोय अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सने १९५४ मध्ये बांधलेल्या 'डिसियाक' या संगणकात होती. हा संगणक लष्करासाठी होता आणि चक्क एका मोठ्या गाडीत बसवलेला होता.

त्या काळात संगणकासमोर बसून त्याच्याशी बोलणे हा प्रकार जवळजवळ नव्हताच. पंच केलेल्या पत्त्यांचा गठ्ठा द्यायचा आणि उत्तरासाठी दुसऱ्या दिवशी यायचे, अशी पद्धत. नोव्हेंबर १९६१ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच संगणकावर अनेक जणांनी एकाच वेळी काम करण्याची व्यवस्था करून दाखवली. तिचे नाव सीटीएसएस. तिच्या मुळाशी एक साधे निरीक्षण होते. माणूस फार सावकाश असतो. चांगला टंकलेखकही सेकंदाला पाच-सहा कळा दाबतो. दोन कळांच्या मधला काळ आपल्याला क्षणाचा वाटतो, पण यंत्राच्या दृष्टीने ती लांबलचक सुट्टी असते. त्या सुट्टीत दुसऱ्या कोणाचे काम का करू नये?

पण मग वाटपाचा प्रश्न आला. एक जण मोठे गणित सोडवतो आहे, दुसरा कळ दाबून अक्षर उमटण्याची वाट पाहतो आहे. पाळी कोणाला? कॉर्बातो यांच्या गटाने रांगा लावल्या. थोडक्यात आटोपणाऱ्या कामाला वरची रांग. दिलेल्या वेळात न आटोपणारे काम खालच्या रांगेत ढकलायचे, पण तिथे त्याची पाळी आली की त्याला जास्त वेळ द्यायचा. समोर बसलेल्या माणसाला ताटकळत ठेवायचे नाही, हा विचार त्यामागे होता. दवाखान्यात नुसती गोळी लिहून घ्यायला आलेल्याला डॉक्टर मधेच आत घेतात, तसेच हे.

वाटपाचा हा प्रश्न पुढे कित्येक वर्षे सर्वांच्या डोक्यात राहिला. मात्र त्याच्या शेजारी आणखी एक प्रश्न उभा होता. समोरच्या माणसाच्या एका हालचालीमागे मुळात खर्च किती होतो? त्याकडे फारसे कोणी पाहत नव्हते. आमच्या मते या इतिहासाची गंमत, आणि थोडी शोकांतिकाही, इथेच आहे.

डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे आपला माऊस जाहीरपणे दाखवला. १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात 'आल्टो' हा संगणक तयार झाला. त्यात बाण दाखवणे ही मुख्य आज्ञावलीची जबाबदारीच नव्हती. प्रोसेसरच्या आत सोळा कामकऱ्यांची सोय होती, त्यांतल्या एकाकडे बाण दिलेला होता आणि मुख्य आज्ञावलीची पाळी सर्वांत शेवटी लागे. म्हणजे बाण हलका ठेवला पाहिजे, ही समज तेव्हापासून होती.

आता आपल्या लिनक्सच्या घराण्याकडे वळू. लिनक्सच्या पडद्यावर खिडक्या दाखवण्याचे काम अनेक वर्षे एक्स विंडो सिस्टिम या व्यवस्थेने केले. ती १९८४ मध्ये एमआयटीमध्येच जन्मली आणि तिची अकरावी आवृत्ती सप्टेंबर १९८७ मध्ये बाहेर पडली. तिची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. पडदा, कीबोर्ड आणि माऊस यांचा ताबा एका आज्ञावलीकडे असतो. तिला सर्व्हर म्हणतात. बाकीच्या आज्ञावल्या तिच्याकडे अर्ज करतात: मला इथे रेघ काढून द्या, माझ्या खिडकीवर माऊस आला तर कळवा. अर्ज करणारी आज्ञावली एका संगणकावर आणि पडदा दुसऱ्या संगणकावर असला तरी चालत असे. मग माऊसचा प्रत्येक निरोप तारेवरून पाठवायचा का? सेकंदाला कित्येक निरोप गेले तर तार तुंबणार. म्हणून त्या आवृत्तीतच एक सोय ठेवलेली आहे. आज्ञावली सांगू शकते की मला सगळे निरोप नकोत, माऊस हलला एवढे एकदाच कळवा, नेमका कुठे आहे ते मी सवडीने विचारीन. १९८७ मध्येच दुखणे ओळखून औषधही बाटलीत भरून ठेवलेले होते. ते घ्यायचे की नाही, हे मात्र प्रत्येक आज्ञावली लिहिणाऱ्यावर सोडलेले होते.

तेव्हाच्या माऊसचा वेगही पाहायला हवा. ऐंशीच्या दशकातला सीरियल माऊस सेकंदाला १२०० बिट्स पाठवी. एका निरोपाला तीन बाइट, प्रत्येक बाइटला आगेमागे धरून नऊ बिट्स, म्हणजे २७ बिट्स. १२०० ला २७ ने भागा. सेकंदाला जेमतेम चव्वेचाळीस निरोप! पुढे यूएसबी आली, साधारण १२५ निरोप झाले. खेळांसाठी विकले जाणारे माऊस सेकंदाला १००० निरोप पाठवतात. (यूएसबीत पुन्हा पोलिंग आले, हे जाता जाता सांगायला हवे. माऊस स्वतःहून बोलत नाही, त्याला ठरावीक अंतराने विचारले जाते. मात्र फाटकापर्यंत चकरा प्रोसेसर मारत नाही, त्यासाठी नेमलेली वेगळी चिप मारते आणि सांगण्यासारखे काही असेल तरच घंटी वाजवते.)

पडदा मात्र बहुधा सेकंदाला ६० वेळाच नवे चित्र दाखवतो. चव्वेचाळीस निरोप येत होते तेव्हा प्रत्येक निरोपाला एक चित्र काढले तरी बिघडत नव्हते. हजार निरोप आले तर एका चित्राच्या काळात सोळा-सतरा निरोप जमतात आणि शेवटचा सोडून बाकीच्यांसाठी काढलेले चित्र कोणाच्याच डोळ्यांपर्यंत पोहोचत नाही. शहाणी आज्ञावली हे निरोप साठवून ठेवते आणि चित्र बदलण्याच्या वेळी एकदाच काम करते. प्रत्येक निरोपाला उठून धावणारी आज्ञावली राबते पुष्कळ, दिसत काहीच नाही.

शिवाय निरोपाचा प्रवास एका टप्प्याचा नसतो. लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो निरोप घेतो आणि खिडक्यांच्या सर्व्हरला देतो. सर्व्हर शोधतो की बाणाखाली कोणाची खिडकी आहे. ती आज्ञावली शोधते की खिडकीत नेमके कोणते बटण बाणाखाली आले. बटणाचा रंग बदलायचा असेल तर ते पुन्हा रंगवते. मग सगळ्या खिडक्या एकावर एक रचून अंतिम चित्र करणारा, सावल्या आणि पारदर्शकता सांभाळणारा कंपोझिटर जागा होतो. एका बोटाच्या हालचालीने चार-पाच जण झोपेतून उठतात. त्यांतल्या एकाने जरी आळसाने, 'काय बदलले ते पाहत बसण्यापेक्षा सगळेच नव्याने रंगवू' असे ठरवले, की आलेखाची रेघ साठावर जाते.

लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये फिनलंडमध्ये विद्यार्थी असताना लिहायला घेतला. पुढे मोठमोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरवर तो चालू लागला. घरी वापरणाऱ्यांची तक्रार मात्र अशी की, मागे एखादे जड काम चालू असले की खिडकी सरकवताना ती अडखळते, गाण्याचा आवाज तुटतो. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ या आवृत्तीत हंगेरीच्या इंगो मोल्नार यांनी लिहिलेला वेळवाटपाचा नवा भाग होता. समोरच्या माणसाशी कोणती आज्ञावली बोलते आहे हे तो अंदाजाने ओळखे. जी बराच काळ झोपून वाट पाहते ती माणसाची वाट पाहत असणार, तिला बढती. जी सतत राबते ती गणित सोडवत असणार, तिला मागे ढकला. अंदाज हुशार होता, पण आपल्या विषयाच्या ठिकाणीच तो फसे. माणूस माऊसने खिडकी ओढू लागला की खिडक्यांचा सर्व्हर भराभर चित्रे काढू लागतो, म्हणजे सतत राबतो. मग त्याचीच गणना 'गणित सोडवणाऱ्यांत' होऊन ऐन गरजेच्या वेळी त्याची पाळी मागे जाई. म्हणून काही ठिकाणी सर्व्हरला हाताने वरचा दर्जा देऊन ठेवत. म्हणजे नियम चुकीचा आणि त्यावर वशिल्याचे ठिगळ.

या प्रश्नाला हात घालणाऱ्यांत ऑस्ट्रेलियातील एक भूलतज्ज्ञ होते, कॉन कोलिवास. पेशाने डॉक्टर, प्रोग्रामिंग स्वतःच शिकलेले. त्यांचे म्हणणे असे की अंदाज बांधूच नका. सर्वांना समान वाटा द्या, पाळी किती वेळात येईल याची हमी द्या, मग वाट पाहणाऱ्याला आपोआप लवकर पाळी मिळेल. २००७ च्या मार्चमध्ये त्यांनी तशी आज्ञावली मांडली. एप्रिलमध्ये मोल्नार यांनी त्याच धर्तीच्या विचाराची स्वतःची नवी रचना पुढे आणली आणि कोलिवास यांच्या कामाचे ऋण मान्य केले. हिला सीएफएस म्हणतात. हिच्यात प्रत्येक कामाच्या नावे एक खाते असते. प्रोसेसर किती वापरला ते खात्यावर मांडत जायचे आणि ज्याच्या खात्यावर सर्वांत कमी, त्याला पुढची पाळी. वाट पाहत झोपलेल्याचे खाते कमीच राहते, त्यामुळे कळ दाबली की तो पटकन उभा राहतो. ऑक्टोबर २००७ च्या २.६.२३ या आवृत्तीत हीच रचना घेतली गेली. टोरवाल्ड्स यांनी दिलेल्या कारणांपैकी एक असे होते की, नुसती आज्ञावली चांगली असून भागत नाही, वापरणाऱ्यांच्या तक्रारी ऐकून ती नीट करत राहील असा माणूसही हवा. कोलिवास त्याआधीच, जुलैमध्ये, निराश होऊन बाजूला झाले होते. सर्वसामान्य माणसाच्या टेबलावरचा संगणक गाभ्याच्या कारभाऱ्यांना महत्त्वाचा वाटत नाही, ही त्यांची खंत होती. २००९ मध्ये ते वेगळी रचना घेऊन परतले, पण ती मुख्य गाभ्यात कधी गेली नाही. कोण बरोबर होते, हा वाद आम्ही इथे सोडवणार नाही. मात्र पेशा वेगळा असलेल्या एका माणसाने 'माझी खिडकी का अडखळते' एवढ्या प्रश्नाचा पिच्छा पुरवला आणि साऱ्या गाभ्याच्या वाटपाची दिशा बदलायला तो कारणीभूत झाला, हे खरे. सीएफएसने सोळा वर्षे काम केले. ऑक्टोबर २०२३ च्या ६.६ या आवृत्तीपासून तिची जागा, पाळी केव्हापर्यंत मिळाली पाहिजे याचाही हिशेब ठेवणाऱ्या दुसऱ्या रचनेने घेतली आहे.

एवढे सगळे झाले, तरी आपल्या मुलीच्या आलेखात त्याने काही फरक पडत नाही. वाटप कितीही न्याय्य केले तरी ९६ लाख ठोक्यांचे ४० लाख होत नाहीत. भाकरी सर्वांना समान वाटली तरी पीठ सांडते आहे ते सांडतच राहते.

सांडणाऱ्या पिठाकडे लक्ष गेले ते लॅपटॉपच्या बॅटरीमुळे. २००७ सालीच इंटेल कंपनीने पॉवरटॉप नावाचे एक साधन दिले. कोणती आज्ञावली प्रोसेसरला सेकंदाला किती वेळा झोपेतून उठवते, याची ती यादी दाखवी. अनेक आज्ञावल्या काही काम नसताना उठून परत झोपत होत्या. लिहिण्याच्या जागी लुकलुकणारी उभी रेघसुद्धा त्यांत होती. खिडक्यांतील बटणे, चौकटी पुरवणाऱ्या जीटीके या संचात त्याच वर्षी अशी सोय आली की, काही वेळ कोणी काही टंकले नाही तर रेघेने लुकलुकणे थांबवावे.

दुसरे उदाहरण आमच्या विशेष आवडीचे आहे. ग्नोम हा लिनक्सवरचा प्रसिद्ध डेस्कटॉप. २०११ च्या त्याच्या तिसऱ्या आवृत्तीपासून सगळा पडदा चित्रांसाठीच्या खास प्रोसेसरकडून, म्हणजे जीपीयूकडून, रंगवून घेतला जातो. बाणाखाली कोणते बटण आहे, हे कसे ओळखायचे? युक्ती अशी होती. पडद्याआड आणखी एक चित्र काढायचे, त्यात प्रत्येक वस्तू एकाच सपाट पण वेगळ्या रंगाने भरायची आणि बाणाखालच्या ठिपक्याचा रंग वाचायचा. जिल्ह्याच्या नकाशात प्रत्येक तालुका वेगळ्या रंगाने रंगवला, तर रंग पाहून तालुका सांगता येतो ना, तसेच. युक्ती सुंदर आहे. पण माऊस हलताना असे नकाशे पुन्हा पुन्हा रंगवावे लागत, आणि जीपीयूचे रंगवणे पूर्ण होऊन उत्तर येईपर्यंत मुख्य प्रोसेसरला थांबून राहावे लागे. २०१९ च्या ३.३४ या आवृत्तीत हे बंद झाले. आता वस्तूंच्या कोपऱ्यांचे निर्देशक घेऊन बिंदू चौकोनाच्या आत आहे की बाहेर, हे सरळ भूमितीने ठरवले जाते. नववी-दहावीच्या निर्देशक भूमितीइतकेच हे गणित आहे. नवे यंत्र नाही, नवी चिप नाही. नकाशा रंगवण्याऐवजी चार संख्यांची तुलना केली, एवढेच. पुढे २०२१ मध्ये माऊस-कीबोर्डचे निरोप घेण्याचे कामही तिथे वेगळ्या धाग्यावर टाकले गेले, म्हणजे चित्रे काढणारा अडकला तरी निरोप घेणारा मोकळा राहतो.

आमच्या शाळेतल्या संगणकावर डेस्कटॉप दुसराच होता आणि दुखणेही वेगळे निघाले. दिवाळीनंतर पुन्हा गेलो तेव्हा आधी आलेख बंद करायला सांगितले आणि 'टॉप' ही साधी, अक्षरांत आकडे दाखवणारी आज्ञा चालवली. माऊस एक मिनिट गोल फिरवायचा, दहा-दहा सेकंदांनी आकडा वहीत लिहायचा. साठाऐवजी चाळीसच्या आसपास आकडे आले. उरलेले वीस स्वतः आलेखच खात होता! तापमापीने पाण्याचे तापमान थोडे बदलते हे आपण विज्ञानात शिकवतो, त्याचा हा अगदी घरचा नमुना. उरलेल्या चाळीसचे कारण संगणकाच्या माहितीच्या पानावर लिहिलेले होते. चित्रे रंगवणाऱ्याच्या नावापुढे जीपीयूचे नाव नव्हते, तर 'एलएलव्हीएमपाइप' असा शब्द होता. म्हणजे जीपीयूचे काम मुख्य प्रोसेसरच आज्ञावलीने निभावून नेत होता. सावल्या, पारदर्शकता, खिडक्या उघडतानाची चलत्चित्रे, सगळे त्याच्याच डोक्यावर. बाण एखाद्या चिन्हावरून गेला की ते चिन्ह उजळायचे, आणि तेवढ्यासाठी मोठा भाग नव्याने रंगवला जायचा.

शाळेतल्या संगणकाच्या बाईंनी, पडद्यावरचे असले चोचले नसलेला एक हलका डेस्कटॉप त्याच लिनक्सवर बसवला. अर्ध्या तासाचे काम होते. त्या मुलीने पुन्हा माऊस फिरवला. वहीत आकडे आठ, नऊ, सात असे पडले. निर्लेखनाच्या प्रस्तावात आता तीनच संगणक आहेत. त्यांच्या हार्ड डिस्क खरोखरच गेल्या होत्या.